मातीचे विरजण

वळवाची पहिली सर तापलेल्या अंगणात पडली की एक वास सुटतो. मराठीत त्याला मृद्गंध असे भारदस्त नाव आहे. पण ते नाव ठाऊक नसलेले मूलही तो वास आला की खिडकीकडे धावते. उत्तर प्रदेशातील कनौजचे अत्तरवाले तर पिढ्यान्‌पिढ्या हा वास बाटलीत भरून विकत आले आहेत. भाजलेली माती तांब्याच्या मोठ्या भांड्यात पाण्याबरोबर उकळायची आणि निघालेली वाफ चंदनाच्या तेलात मुरवायची, की तयार झाले 'मिट्टी का अत्तर'.

हा वास येतो कुठून? १९६४ मध्ये ऑस्ट्रेलियातील इझाबेल जॉय बेअर आणि रिचर्ड थॉमस या शास्त्रज्ञांनी त्याचा माग काढला आणि त्याला 'पेट्रिकोर' असे नाव दिले. कोरड्या दिवसांत दगडमातीवर साचलेली वनस्पतींची तेले हा त्याचा एक घटक. दुसरा घटक मातीतल्या जीवाणूंचा. स्ट्रेप्टोमायसिस नावाचे जीवाणू जिओस्मिन हे द्रव्य तयार करतात. बीट चिरताना येणारा मातकट वास याच द्रव्याचा. तळ्यातल्या माशाला कधीकधी चिखलाची चव येते, तीही बहुधा याचीच. माणसाचे नाक या द्रव्याच्या बाबतीत विलक्षण तिखट आहे. एक लाख कोटी भाग पाण्यात जिओस्मिनचे पाच-दहा भाग असले तरी आपल्याला ते जाणवतात.

पण जीवाणूने हा वास सोडावा कशासाठी? माणसाला कविता सुचावी म्हणून तर नक्कीच नव्हे. याचे उत्तर २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनातून मिळाले. ओल्या मातीत, पालापाचोळ्याखाली, स्प्रिंगटेल नावाचे अगदी बारीक, सहा पायांचे जीव असतात. कुंडीतला पाला उचलला की टुणकन उडणारे पांढुरके ठिपके अनेकांनी पाहिले असतील, तेच हे. जिओस्मिनचा वास आला की ते त्या दिशेने जातात आणि जीवाणूंच्या वसाहतीवर ताव मारतात. या जेवणात जीवाणूंचे बीजाणू त्यांच्या अंगाला चिकटतात, काही पोटात जातात आणि विष्ठेतून जिवंत बाहेर पडतात. ज्याला पाय नाहीत त्या जीवाणूला अशा रीतीने पाय मिळतात. ज्या वासाने आपण हरखून जातो, तो खरे म्हणजे एका जीवाणूने एका किड्याला धाडलेले जेवणाचे आमंत्रण असते.

माती आणि किड्यांचे पोट ही आपल्याला दोन वेगळी जगे वाटतात. सूक्ष्मजीवांच्या दृष्टीने मात्र ते एकच घर आहे. एका खोलीतून दुसर्‍या खोलीत त्यांची सारखी ये-जा चालू असते, आणि या ये-जा करण्यावरच जगातले सगळे कुजणे, आणि म्हणून सगळे उगवणेही, अवलंबून आहे.

पोट भरलेले, तरी उपाशी

घराला वाळवी लागली की घरमालकाची झोप उडते. दाराची चौकट, लाकडी कपाट, माळ्यावर ठेवलेली जुनी पुस्तके, काहीही तिच्या तावडीतून सुटत नाही. पण लाकूड खाणे वेगळे आणि ते पचवणे वेगळे. लाकडातले सेल्युलोज हे मूळचे साखरेचेच रेणू. फक्त ते असे घट्ट साखळीत बांधलेले असतात की बहुतेक प्राण्यांना ती साखळी तोडता येत नाही. माणसालाही नाही. गायीम्हशींना कडबा पचतो तो त्यांच्या पहिल्या पोटात राहणार्‍या सूक्ष्मजीवांमुळे. मग तांदळाच्या दाण्याएवढ्या वाळवीला लाकूड कसे पचते?

अमेरिकेतील फिलाडेल्फियाचे निसर्गशास्त्रज्ञ जोसेफ लायडी यांनी १८७७ च्या सुमारास वाळवीचे आतडे उघडून सूक्ष्मदर्शकाखाली धरले, तेव्हा त्यातून वळवळणार्‍या एकपेशीय जीवांची झुंबडच बाहेर पडली. लायडींना ते परोपजीवी, म्हणजे फुकटे पाहुणे वाटले. पुढे १९२० नंतरच्या दशकात लेम्युएल क्लीव्हलँड या तरुण संशोधकाने एक साधा प्रयोग केला. त्याने वाळवीला एवढीच उष्णता दिली की पोटातले एकपेशीय जीव मरावेत, पण वाळवी जगावी. वाळवी जगली. तिने पूर्वीसारखेच लाकूड कुरतडले, गिळले. आणि काही आठवड्यांत ती भुकेने मेली. पोट लाकडाने भरलेले होते, पण ते पचवणारेच कोणी उरले नव्हते. ज्या वाळवीच्या पोटात ते जीव पुन्हा सोडले, ती मात्र जगली.

फुकटे पाहुणे समजले गेलेले ते जीव खरे तर त्या घरचे आचारी होते.

आणखी एक अडचण आहे. वाढत्या वयातली वाळवी वेळोवेळी कात टाकते. त्या वेळी आतड्याचे अस्तरही गळून पडते आणि त्याबरोबर हे सारे आचारी निघून जातात. अशा वेळी ती काय करते? आपल्या वारुळातल्या दुसर्‍या वाळवीच्या मागच्या भागातून पाझरणारा थेंब चाटते आणि पोटातली वस्ती पुन्हा बसवते. ऐकायला हे किळसवाणे वाटेल. पण घरात दह्याचे विरजण संपले की शेजारच्या काकूंकडे वाटी घेऊन जाण्यासारखाच हा प्रकार आहे. दूध कितीही चांगले असो, विरजणाशिवाय त्याचे दही होत नाही, आणि विरजण कुणाकडून तरी मागूनच आणावे लागते. एकट्या वाळवीला म्हणूनच जगता येत नाही. वाळवी समूहाने राहू लागली ती या देवघेवीमुळेच असावी, असे क्लीव्हलँडचे मत होते.

घरात घर, त्यात पुन्हा घर

ऑस्ट्रेलियाच्या उत्तर टोकाला डार्विन नावाचे शहर आहे. त्या भागातल्या एका वाळवीच्या पोटात एक चमत्कारिक एकपेशीय जीव सापडला. १९३३ मध्ये जीन सदरलँड या संशोधिकेने त्याचे वर्णन केले आणि त्याला 'मिक्सोट्रिका पॅराडॉक्सा' असे नाव दिले. पॅराडॉक्सा म्हणजे कोड्यात टाकणारा. कोडे असे होते की, त्याच्या अंगावर बारीक केसांची लव होती आणि ती हलवून तो पोहत होता. पण त्याच्या कुळातल्या कोणालाही अशी लव नसते.

हे कोडे १९६४ मध्ये क्लीव्हलँड आणि ग्रिमस्टोन यांनी सोडवले. त्यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून पाहिले, तर ते केस नव्हतेच. प्रत्येक 'केस' हा स्वतंत्र जिवंत जीवाणू होता. मळसूत्रासारख्या आकाराचे स्पायरोकीट जातीचे हे जीवाणू लाखांच्या घरात त्या एका पेशीच्या पाठीवर रांगेने चिकटले होते आणि एका लयीत वळवळून तिला पुढे नेत होते. जणू मोठ्या नावेला लाखभर वल्हेकरी! पावसाळ्यात मुंबईकर ज्याची धास्ती घेतात त्या लेप्टोस्पायरोसिसचा जंतूही याच स्पायरोकीट कुळातला. एक भाऊ रोग देतो, दुसरा नाव वल्हवतो. सूक्ष्मजीव म्हणजे रोग, हे समीकरण किती अपुरे आहे ते यावरून लक्षात यावे.

वाळवीच्या पोटातल्या काही जीवाणूंकडे याहूनही मोठे काम आहे. लाकडात नायट्रोजन, म्हणजे आपले शेतकरी ज्याला नत्र म्हणतात तो, नावालाच असतो. नुसते लाकूड खाणारा प्राणी अंगात प्रथिने कशी तयार करणार? हे जीवाणू हवेतला नत्र पकडून वाळवीला देतात. हे १९७३ मध्ये सिद्ध झाले. युरियाच्या कारखान्यात जे काम प्रचंड दाब आणि उष्णता वापरून होते, ते मुगाच्या डाळीपेक्षा लहान पोटात थंडपणे चाललेले असते.

नागोबाचे खरे यजमान

'आयत्या बिळावर नागोबा' ही म्हण सर्वांना ठाऊक आहे. नागपंचमीला ज्या वारुळाची पूजा होते, ते नागाने बांधलेले नसते, बहुधा मुंग्यांनीही नाही. ते वाळवीने उभारलेले असते. आपल्या माळरानांवर दिसणार्‍या मोठ्या वारुळांतील वाळवीच्या पोटात ते एकपेशीय आचारी नसतात. तिने स्वयंपाकघर पोटाबाहेर, वारुळाच्या आत थाटले आहे.

कामकरी वाळव्या गवत, पाने, काटक्या खाऊन आणतात. हे अन्न त्यांच्या पोटातून भरभर पुढे जाते आणि अर्धेकच्चे बाहेर पडते. त्याचे त्या वारुळाच्या आतल्या खोल्यांत स्पंजासारखे पोळे रचतात. अन्नाबरोबरच टर्मिटोमायसिस नावाच्या बुरशीचे बीजाणूही पोटातून येऊन त्या पोळ्यावर पेरले जातात. बुरशी वाढते, लाकडातली चिवट द्रव्ये फोडते, आणि मग वाळवी ते तयार पोळे खाते. ही शेती सुमारे तीन कोटी वर्षांपूर्वी आफ्रिकेत सुरू झाली, असे शास्त्रज्ञ मानतात. माणसाची शेती दहा-बारा हजार वर्षांची. म्हणजे या बाबतीत वाळवी आपली फार ज्येष्ठ आहे.

पाऊस लागला की हीच बुरशी वारुळातून वर डोके काढते. गोव्यात आणि कोकणात पावसाळ्यात मिळणारी रानातली चविष्ट अळंबी ती हीच. गोव्यात वारुळाला रोयण म्हणतात, त्यावरून ही 'रोणाची अळमी'. बटण मश्रूमसारखी तिची लागवड करता येत नाही, कारण तिला वाळवीचे घर आणि वाळवीची चाकरी लागते. म्हणूनच बाजारात तिचा भाव ऐकून गिर्‍हाईक मागे सरकते. वारूळ फोडून अळंबी उपटणारा आपल्याच पुढच्या वर्षाच्या भाजीवर पाणी सोडतो, ही गोष्ट मात्र फार थोड्यांच्या ध्यानात येते.

झोपलेल्यांना जागे करणारे गांडूळ

वाळवीचा राग आपण समजू शकतो. गांडुळाने मात्र कोणाचेच काही बिघडवलेले नसते. उत्क्रांतिवादाचे जनक चार्ल्स डार्विन यांनी आयुष्याच्या अखेरीस, १८८१ मध्ये, गांडुळांवर अख्खे पुस्तक लिहिले. गांडुळाला ऐकू येते का हे पाहण्यासाठी त्यांच्या घरात पियानो आणि बासून वाजवली गेली. गांडुळांनी ढिम्म लक्ष दिले नाही. पण याच डार्विनसाहेबांनी हिशेब मांडला की, इंग्लंडच्या अनेक भागांत एका एकरातली दहा टनांहून अधिक कोरडी माती दरवर्षी गांडुळांच्या पोटातून जाते.

पोटातून जाताना त्या मातीचे काय होते, हे डार्विनना पूर्णपणे दिसणे शक्य नव्हते. एक ग्रॅम, म्हणजे चिमूटभर मातीत कोट्यवधी जीवाणू असतात. पण त्यातले बहुतेक कोणत्याही क्षणी झोपलेले असतात. अन्न हाताशी नाही, ओल नाही, आणि स्वतः चालत जाऊन अन्न शोधण्याची सोय नाही. गांडूळ माती गिळते तेव्हा तिच्यात पाणी आणि गोडसर बुळबुळीत स्राव मिसळते. या आयत्या न्याहारीने झोपलेले जीवाणू खडबडून जागे होतात आणि मातीतले कुजके पदार्थ फोडू लागतात. त्यातला वाटा गांडुळाला मिळतो. उरलेली माती विष्ठेच्या गोळ्यांच्या रूपाने बाहेर पडते, तेव्हा तिच्यातले नत्र आणि स्फुरद पिकांच्या मुळांना सहज घेता येईल अशा स्वरूपात असते. गांडूळ खताचे गुपित गांडुळाइतकेच त्याच्या पोटातल्या वस्तीत आहे.

या वस्तीचे सगळेच वागणे आदर्श असते असे नाही. गांडुळाच्या आतड्यात प्राणवायू जवळजवळ नसतो. तिथे काही जीवाणू नत्रापासून नायट्रस ऑक्साइड, म्हणजे दंतवैद्यांकडचा तो हास्यवायू, तयार करतात. वाळवीच्या पोटातून मिथेन निघतो. हे दोन्ही वायू पृथ्वी तापवणारे आहेत. निसर्गाचा संसारही इतर संसारांसारखाच. त्यात धूर होणारच. पण चूल विझवली तर घर उपाशी राहील.

मातीतून आलेली औषधे

मातीतल्या या गर्दीत अन्नासाठी मारामारीही चालते. शेजार्‍याला दूर ठेवण्यासाठी अनेक जीवाणू विषारी द्रव्ये सोडतात. माणसाने त्यांचीच औषधे केली. १९४३ मध्ये अमेरिकेत सेलमन वॅक्समन यांच्या प्रयोगशाळेत आल्बर्ट शाट्झ या तेवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने स्ट्रेप्टोमायसिस जीवाणूपासून स्ट्रेप्टोमायसिन मिळवले. हे क्षयरोगावरचे पहिले गुणकारी प्रतिजैविक. पहिल्या पावसाचा सुगंध देणारे आणि क्षयाच्या रोग्याला खाटेवरून उठवणारे जीवाणू एकाच कुळातले! १९५२ चे नोबेल पारितोषिक मात्र एकट्या वॅक्समन यांना मिळाले.

महाराष्ट्राचेही नाव या इतिहासात आहे. पुण्याजवळ पिंपरीला १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना उभा राहिला. तिथल्या शास्त्रज्ञांनी १९६१ मध्ये बुरशीच्या रोगांवर चालणारे 'हॅमायसिन' शोधले. ते तयार करणार्‍या जीवाणूचे नाव आहे 'स्ट्रेप्टोमायसिस पिंपरिना'. पिंपरी हे गाव असे जीवाणूच्या नावात कायमचे जाऊन बसले आहे.

जपानचे सातोशी ओमुरा यांना १९७० नंतरच्या दशकात एका गोल्फ मैदानाजवळच्या मातीत असाच एक जीवाणू सापडला. त्यापासून आयव्हरमेक्टिन हे जंतांवरचे औषध तयार झाले, आणि २०१५ च्या नोबेल पारितोषिकात ओमुरांना वाटा मिळाला. आफ्रिकेतील लक्षावधी लोकांची दृष्टी या औषधाने वाचवली. पण गुराढोरांना दिलेले हेच औषध शेणातून बाहेर पडते, आणि शेण मातीत गाडणार्‍या भुंग्यांच्या अळ्या त्याने मरतात. मातीने दिलेले औषध नीट विचार न करता वापरले, तर ते मातीच्याच लेकरांवर उलटते.

अशी किती औषधे अजून मातीत दडली असतील? मातीतले बहुसंख्य जीवाणू प्रयोगशाळेतल्या बशीत वाढतच नाहीत. २०१५ मध्ये अमेरिकी शास्त्रज्ञांनी एक युक्ती केली. जीवाणू बारीक छिद्रांच्या पट्टीत कोंडून ती पट्टी पुन्हा मातीतच पुरली, आणि तिथे वाढलेल्या एका जीवाणूपासून टेक्सोबॅक्टिन हे नवे प्रतिजैविक मिळाले. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अंदाजानुसार पृथ्वीवरील सजीवांच्या सर्व जातींपैकी ५९ टक्के जाती मातीत राहतात. म्हणजे पायाखालचे जग डोळ्यांसमोरच्या जगापेक्षा मोठे आहे.

पत्रिकेत नसलेले घर

आता आपल्या शेताकडे वळू. केंद्र सरकारने २०१५ मध्ये शेतकर्‍यांसाठी मृदा आरोग्य पत्रिका सुरू केली. तीत मातीच्या बारा गोष्टी तपासल्या जातात: नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह वगैरे. योजना उपयुक्तच आहे. पण बाराही रकाने वाचून झाले तरी ही माती जिवंत आहे की नाही, हे थेट कळत नाही. त्याच्या जवळ जाणारा एकच रकाना असतो, सेंद्रिय कर्बाचा. कुजलेला पाला, मुळे, शेण यांतून येणारा हा कर्ब म्हणजे मातीतल्या वस्तीची शिदोरी. ती संपली की खताच्या गोण्या ओतूनही पीक तेवढे देत नाही, आणि शेतकरी म्हणतो, 'जमीन थकली.' क्लीव्हलँडच्या वाळवीसारखेच हे, पोट भरलेले आणि तरी उपाशी.

ही शिदोरी आपण कशी उधळतो? पंजाब-हरियाणात भात कापल्यावर उरलेले खुंट पेटवले जातात आणि दिल्लीकरांचा श्वास कोंडतो. त्या धुराची बातमी होते. मातीच्या वरच्या थरात होरपळलेल्या जीवांची होत नाही. पेंढ्यातला कर्ब आणि नत्र बहुतेक सगळा धुरातून उडून जातो. यात सगळा दोष शेतकर्‍याला देणे मात्र सोपे असले तरी न्यायाचे नाही. भूजल वाचवण्यासाठी २००९ मध्ये पंजाबने कायदा करून भाताची लावणी पुढे ढकलली. त्यामुळे भाताची कापणी आणि गव्हाची पेरणी यांत जेमतेम दोन-तीन आठवडे उरू लागले. एवढ्यात पेंढा कुजायचा कसा? दिल्लीच्या पुसा येथील भारतीय कृषी संशोधन संस्थेने पेंढा लवकर कुजवणारे बुरशींचे मिश्रण तयार केले आहे, पण त्यालाही वीस-पंचवीस दिवस द्यावे लागतात. सूक्ष्मजीवांना घाई शिकवता येत नाही.

महाराष्ट्रात हीच गोष्ट उसाच्या पाचटाची. ऊसतोड झाली की काडी लावायची, हा अनेक वर्षांचा रिवाज. पाचट राहिले तर पाणी द्यायला अडचण, खोडव्याची मशागत अवघड, उंदरांची भीती, ही कारणे खोटी नाहीत. पण ज्या शेतकर्‍यांनी पाचटाची कुट्टी करून ते सरींतच ठेवले, त्यांनी पाहिले की ते काही महिन्यांत मातीत मिसळते, ओल टिकते आणि गांडुळे परत येतात. पाचट जाळायला काडेपेटीतली एक काडी पुरते. ते कुजवायला मात्र कोट्यवधी हात लागतात, आणि ते हात शेतात फुकट राबत असतात.

चमचाभर माती

थकलेल्या जमिनीला पुन्हा विरजण लावता येते का? नेदरलँड्समधील शास्त्रज्ञांनी नेमका हाच प्रयोग केला. जुन्या, शेती सोडून दिलेल्या जमिनीवर त्यांनी दुसरीकडच्या जिवंत मातीचा पातळ थर पसरला. काही तुकड्यांवर गवताळ रानातली माती, काहींवर झुडपी माळावरची. सहा वर्षांनी पाहिले, तर ज्या तुकड्यावर जिथली माती टाकली होती, तिथल्यासारखीच झाडे तेथे वाढू लागली होती. २०१६ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. माती नुसती बियांना आधार देत नाही. कोणी उगवावे, हेही काही अंशी तीच ठरवते.

आपल्याकडे जीवामृत करताना शेण, गोमूत्र, गूळ आणि बेसनाबरोबर बांधावरची मूठभर माती टाकतात. जीवामृताबद्दलच्या मोठमोठ्या दाव्यांवर कृषिशास्त्रज्ञांत मतभेद आहेत. पण नांगर आणि औषधफवारणी न लागलेल्या बांधावरचीच माती घ्यावी, या सूचनेमागे विरजणाचेच शहाणपण आहे.

शहरातल्या घरालाही या संसारात वाटा उचलता येतो. भाजीची देठे, फळांच्या साली, चहाचा चोथा हा ओला कचरा प्लास्टिकच्या पिशवीत बांधून फेकला, तर तो कचराभूमीवर हवेविना सडून मिथेन सोडतो. तोच कचरा तळाला भोके पाडलेल्या जुन्या बादलीत किंवा माठात टाका. प्रत्येक थरावर सुका पाला किंवा भुसा पसरा. पहिल्या दिवशी ओळखीच्या बागेतली किंवा शेतातली मूठभर काळी, भुसभुशीत माती विरजण म्हणून घाला. मिश्रण पिळलेल्या फडक्याइतके ओलसर राहू द्या, आठवड्यातून एकदा खालीवर करा. शिजवलेले तेलकट अन्न, मांस-मासे टाळा. दुर्गंधी सुटली तर समजावे, ओल जास्त झाली. सुका पाला वाढवावा. दोन-तीन महिन्यांत तळाशी काळसर खत दिसू लागते, आणि त्याला वास येतो तो पहिल्या पावसाचा! त्यातले एक तसराळे खत पुढच्या खेपेच्या विरजणासाठी राखून ठेवावे.

कुंडीत टुणटुण उडणारे स्प्रिंगटेल दिसले, तर औषध फवारायची घाई करू नये. ते पाहुणे आमंत्रणावरून आलेले असतात. घराच्या चौकटीला वाळवी लागली, तर तिचा बंदोबस्त जरूर करावा. आधी भिंतीतली ओल आणि गळका नळ शोधावा, कारण ती बहुधा ओलीच्या वाटेने येते. पण त्यासाठी बांधावरचे, माळावरचे वारूळ फोडण्याचे कारण नाही. जगात वाळवीच्या सुमारे तीन हजार जाती आहेत आणि त्यातल्या बहुसंख्य जाती माणसाच्या घराकडे फिरकतही नाहीत.

घरातले विरजण एखाद्या दिवशी नासले, तर शेजारी वाटी पाठवता येते, कारण शेजारच्या घरात दही असते. मातीचे विरजण आजही बांधावर, देवराईत, वारुळात, गांडुळाच्या पोटात शिल्लक आहे. तिथले ते संपवून बसलो, तर वाटी घेऊन जायचे कोणाच्या दारी?